शिवारातील एकटा माणूस आणि त्याची खबर

रब्बीच्या हंगामात, ज्या आठवड्यात शेतीपंपांना वीज मिळण्याची पाळी रात्रीची असते त्या आठवड्यात, महाराष्ट्रातील कोणत्याही बागायती गावाच्या शिवाराकडे मध्यरात्रीनंतर पाहिले, तर गव्हाच्या, कांद्याच्या आणि उसाच्या रानांतून परस्परांपासून दूरदूर हलणारे बॅटरीचे उजेड दिसतात, आणि त्यांतील बहुतेक प्रत्येक उजेडापाशी एकच माणूस असतो. खांद्यावर फावडे, पाय घोट्यापर्यंत चिखलात, एका वाफ्याचे दार बांधून दुसऱ्याचे मोडण्यात गुंतलेल्या या माणसाच्या हाकेच्या टप्प्यात दुसरे कोणी नसते. आणि घरी ज्यांनी त्याला जेवू घालून निरोप दिलेला असतो ती माणसे, तो उजाडता परत येईल या विश्वासावर निजलेली असतात. त्याला सर्पदंश झाला, मोटारीच्या पेटीला हात लावताना विजेचा धक्का बसला, किंवा अंधारात बिनकठड्याच्या विहिरीच्या काठावरून पाय घसरला, तर जे घडले ते त्याला एकट्यालाच ठाऊक असते.

एकट्याने काम करणे हा आपल्या ग्रामीण जीवनातील अपवाद नाही. गुरे वळणारा पोरगा, बांधावरचे गवत कापणारी बाई, मोहफुले वेचण्यासाठी तांबडे फुटण्यापूर्वीच जंगलाची वाट धरणारी चंद्रपूर-गडचिरोलीकडील म्हातारी, नादुरुस्त वाहिनी शोधत फिरणारा वायरमन, गस्तीवर निघालेला वनरक्षक, ही सारी दिवसचे दिवस एकेकटी राबणारी माणसे आहेत. कारखान्यातील कामगाराच्या रक्षणासाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचाराची पेटी ठेवण्याचे आणि ती शिकवून तयार केलेल्या माणसाच्या ताब्यात असण्याचे बंधन मालकावर घातले. यंत्राला आडोसा नसेल तर जाब विचारण्यास निरीक्षक नेमला. शेतकरी मात्र स्वतःच मालक, स्वतःच मजूर आणि स्वतःच आपला निरीक्षक असल्यामुळे त्याच्या वतीने ही काळजी वाहणारे कोणतेही दप्तर नाही, आणि ती काळजी त्याच्या घराने, शेजाऱ्याने व गावानेच वाहिली पाहिजे.

या विषयाचा विचार करताना आपले लक्ष स्वाभाविकपणे इजेकडे, विषाकडे, रक्ताकडे आणि औषधाकडे जाते. परंतु रानात एकट्या सापडलेल्या माणसाचे प्राण जाण्याची कारणे शोधू लागलो, तर इजा झाल्यापासून ती दुसऱ्या कोणास कळेपर्यंतचा काळ हेच पुष्कळदा मुख्य कारण निघते. दंशानंतर तासाभरात दवाखान्यात पोहोचलेला माणूस सहसा वाचतो. तोच माणूस पहाटे बांधावर निपचित सापडला, तर उत्तमातला उत्तम वैद्यही हतबल होतो. दोघांच्या अंगात गेलेले विष सारखेच असेल. एकाची खबर घरी पोहोचली, दुसऱ्याची पोहोचली नाही, एवढाच त्यांच्यातील भेद. तेव्हा एकट्याच्या सुरक्षिततेची पहिली बाब म्हणजे ही खबर पोहोचण्याची तजवीज होय, आणि ती काम सुरू होण्याच्या आधी करावयाची असते.

जुन्या गावगाड्यात रात्री जागण्याचे आणि गावाच्या सीमेवर कोण आले, कोण गेले याचे भान ठेवण्याचे काम जागल्याकडे असे. ते काम जन्माच्या आधाराने एका जातीवर लादलेले होते आणि त्याचा मोबदला अपमानास्पद होता, डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्या वतनांविरुद्ध विधेयक मांडले, आणि पुढे १९५८ च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने नष्ट झाली, हे न्यायाचेच झाले. तथापि शिवारात कोण आहे आणि कोण परतला नाही याची दखल कोणी तरी घेतली पाहिजे, ही गरज त्या अन्यायाबरोबर संपली नाही. पूर्वी जे काम एकावर सक्तीने टाकले जाई, ते आता सर्वांनी आपापसांत वाटून घ्यावयास हवे, आणि तसे ते अद्याप बहुतेक गावांनी घेतलेले नाही.

वाटून घेण्याची रीत अवघड नाही. घरातून निघताना ‘पाणी धरायला चाललो’ एवढेच मोघम सांगण्याऐवजी कोणत्या रानात, कोणत्या वाटेने आणि किती वाजेपर्यंत, हे सांगून जावे. कारण ज्या शेतकऱ्याची जमीन तीन ठिकाणी विखुरलेली आहे, त्याला शोधताना घरच्या माणसांची पहिली दोन ठिकाणे चुकीची ठरतात आणि त्यातच घटका दोन घटका निघून जातात. मध्येच बेत बदलून दुसऱ्या रानात जावे लागले, तर तेही कळवावे. ठरलेल्या वेळी आपला निरोप आला नाही तर प्रथम कोण हलेल, तो कोणाला बरोबर घेईल आणि कोणत्या वाहनाने जाईल, हेही आधीच ठरलेले असावे. माझ्या मते ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून सर्वांत दुर्लक्षित आहे. घरातील स्त्रीच्या मनात रात्री दोन वाजता पाल चुकचुकते, फोन लागत नाही, परंतु ‘उगीच चार लोकांना उठवले आणि हे आपले बांधावर बिडी ओढीत बसलेले निघाले तर’ या संकोचाने ती उजाडण्याची वाट पाहते. निरोप चुकला की उठायचेच, असा घराचा नियमच असला, तर तिला धीर गोळा करावा लागत नाही आणि शेजाऱ्यालाही कपाळाला आठी घालण्याचे कारण उरत नाही. दहा वेळा व्यर्थ उठावे लागले तरी हरकत नाही, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

एकाच वीजवाहिनीवरील शेतकऱ्यांची पाळी एकाच रात्री असते, ही गोष्ट येथे मोठ्या उपयोगाची आहे. लगतच्या रानांतील दोघातिघांनी दर तासाला एकमेकांना नुसता मिस्ड कॉल देण्याचे ठरविले, अथवा जेथे रेंज नाही तेथे बॅटरी तीनदा उघडझाप करून दाखविण्याचे ठरविले, तरी एकट्याचे एकटेपण पुष्कळ अंशी दूर होते. फोन मोटारीच्या खोलीत खुंटीला अडकविलेल्या सदऱ्यात राहून उपयोगाचा नाही. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून अंगावरच असला पाहिजे, कारण पाय मोडून पडलेल्या माणसाला वीस पावलांवरील खोलीही दुसऱ्या तालुक्याइतकी दूर असते. गळ्यात एक साधी शिट्टी असावी. थकलेल्या, घसा कोरडा पडलेल्या माणसाची हाक विरून जाते, शिट्टी मात्र शेवटच्या श्वासापर्यंत तितक्याच जोराने वाजते. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटकाळची कळ असावी असा केंद्र सरकारचा नियम आहे: साध्या फोनवर ५ किंवा ९ चा आकडा दाबून धरल्यास, आणि स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबल्यास, तातडीचा फोन लागावा अशी योजना आहे. आपल्या फोनवर ती कशी चालते, हे घरातील शाळकरी मुलाकडून एकदा समजावून घेण्यात कमीपणा मानू नये.

खबर निघाली तरी ती योग्य ठिकाणी पोहोचण्यात दुसरी एक अडचण येते, ती पत्त्याची. महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ वाहनांनिशी सुरू झालेली १०८ ची रुग्णवाहिका विनामूल्य येते आणि तिच्यात डॉक्टर असतो, ही आपल्या राज्याने केलेली मोलाची सोय आहे. परंतु गाडीच्या चालकाला गट नंबर सांगून काही कळत नाही, आणि पाणंद रस्त्यांना नावे नसतात. म्हणून प्रत्येक वस्तीने व मळ्याने, डांबरी रस्त्यावरील कोणत्या फाट्यावरून, कोणत्या देवळाच्या किंवा शाळेच्या बाजूने, किती अंतरावर, असा दोन वाक्यांचा पत्ता तयार करून तो मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर रंगवून ठेवावा. संकटात सापडलेल्या माणसाला स्वतःच्या गावाचे नावही सुचत नाही, अशी वेळ येते. स्मार्टफोनवरून आपले स्थान पाठविता येते, तेही शिकून घ्यावे. गाडी निघाल्यावर गावातील एकाने फाट्यावर बॅटरी घेऊन उभे राहावे. पाणंदीच्या तोंडाशी चुकलेले वळण पुष्कळदा अर्धा तास खाते. पोलीस, अग्निशमन अथवा कोणतीही अन्य मदत हवी असल्यास ११२ हा देशभर एकच क्रमांक आहे. आणखी एक व्यवस्था ज्ञात असावी. ग्राम सुरक्षा यंत्रणा या नावाने आपल्या राज्यातील अनेक गावांत चालणाऱ्या योजनेत, नोंदणी केलेल्या गावकऱ्याने १८००-२७०-३६०० या क्रमांकावर फोन करून आपला निरोप बोलला, की तोच आवाज गावातील इतर नोंदलेल्या फोनांवर एकाच वेळी वाजू लागतो. चोर-दरोडेखोर आणि बिबट्या यांच्या भीतीने गावांनी ती स्वीकारली. परंतु विहिरीत पडलेल्या माणसासाठीही ती तितकीच धावते. रुग्णवाहिका तालुक्याहून येणार, शेजारी बांधावरून येणार. प्रथम कोण पोहोचेल हे उघड आहे.

आता सर्पदंशाकडे वळू. कारण रानातील संकटांत त्याच्याविषयी जितके अज्ञान आहे तितके दुसऱ्या कशाविषयी नसेल. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लक्ष माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, सर्पदंशाने मरण पावली असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील आहेत. आपल्याकडील प्राणघातक दंश मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे असतात, आणि या चौघांच्याही विषावर चालणारी प्रतिविषाची एकच लस दवाखान्यात मिळते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. साप कोणता होता हे न कळले तरी उपचार अडत नाही, हा याचा व्यावहारिक अर्थ. तेव्हा साप मारण्यात, पकडण्यात किंवा बरणीत घालून नेण्यात वेळ घालविणे आणि दुसरा दंश ओढवून घेणे पूर्णतः अनावश्यक आहे. दंश झालेला माणूस एकटा असेल, तर त्याने प्रथम सापापासून दूर व्हावे, तेथेच बसून फोन करावा, बोटातील अंगठी, हातातील घड्याळ-कडे, पायातील जोडवी सूज येण्यापूर्वी काढावीत, आणि दंशाचा अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीने वा काठीने सैल बांधून स्थिर ठेवावा. पळू नये. स्नायूंच्या हालचालीबरोबर विष शरीरात लवकर पसरते. फोन लागत नसेल आणि कोणी येण्याची आशाच नसेल, तर सावकाश, मध्ये विसावा घेत, सर्वांत जवळच्या वस्तीकडे चालावे. मोटारसायकलवरून न्यावयाचे झाल्यास त्याला चालक आणि दुसरा माणूस यांच्या मध्ये बसवावे, म्हणजे भोवळ आली तरी तो खाली पडणार नाही. स्वतः त्याने गाडी कधीही चालवू नये.

करकचून दोरी आवळणे, ब्लेडने चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, कोंबडीची पिसे लावणे, हे सर्व अहितकारक आहे. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची शक्तीच नाहीशी होते. अशा माणसाला चिरा दिला तर तो चिरा वाहतच राहतो. आवळलेल्या दोरीखाली रक्ताचा पुरवठा थांबून अवयव सडू शकतो, आणि दवाखान्यात ती एकाएकी सोडली तर साठलेले विष एकदम शरीरात उसळते. मांत्रिकाच्या देवळापुढे पडलेला माणूस बरा झाल्याच्या कथा प्रत्येक गावात सांगितल्या जातात, आणि सांगणारा खोटे बोलत नसतो. परंतु आपल्याकडील बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही कित्येकदा दात रोवून विष सोडत नाही, त्यामुळे जो मुळात मरणारच नव्हता त्याचे जगणे मंत्राच्या खाती जमा होते. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले आहे, त्याचे पहिले दोन तास मात्र त्या देवळापुढे संपतात. मण्यारीविषयी विशेष सावध राहावे: तिचा दंश रात्री, बहुधा जमिनीवर निजलेल्या माणसाला होतो, वेदना नसते, खूणही दिसत नाही, आणि पहाटे पोटात दुखते, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात. रानात पाणी सोडून बांधावर पडलेल्या माणसाला अशी लक्षणे दिसली, तर दंश आठवत नसला तरी तो सर्पदंशच समजून धाव घ्यावी. पापणीनंतर श्वास थांबतो. दवाखान्यात डॉक्टर थोडे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि ते गोठते की नाही हे पाहतात. तेवढ्यावरून फार मोठा निर्णय होतो. रुग्णास काही होत नाही असे वाटले तरी २४ तास तेथून उठवून आणू नये.

विंचवाचा उल्लेख येथे कोकणासाठी करणे भाग आहे. तांबड्या विंचवाच्या नांगीने हृदयावर आघात होतो, हात-पाय गार पडून घाम सुटतो, उलट्या होतात आणि पुढे फुप्फुसात पाणी भरते. महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून जे निरीक्षण केले, त्यातून रक्तदाबावरील प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग सिद्ध झाला, आणि जेथे पूर्वी मोठ्या संख्येने माणसे, विशेषतः मुले, दगावत तेथे मृत्यू विरळ झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका लहान आरोग्य केंद्रातून जगाच्या वैद्यकाला मिळालेली ही देणगी महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी आहे. परंतु त्या गोळीचा लाभही लवकर पोहोचणाऱ्यालाच होतो.

सर्पदंशात दोरी आवळू नये असे आताच सांगितले. यंत्रात सापडलेल्या हाताच्या बाबतीत मात्र तीच दोरी प्राण वाचवू शकते, आणि हा भेद पक्का लक्षात ठेवावा. मळणीयंत्रात पेंढी ढकलताना, कडबाकुट्टीवर, रोटाव्हेटरच्या फिरत्या दांड्यात पदर वा धोतराचा सोगा गुंतून होणाऱ्या जखमा भयानक असतात. यंत्रांच्या घडणीतच संरक्षक साधने असावीत म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी केंद्रीय कायदा झाला, तरी जुनी, बिनझाकणाची यंत्रे आजही खळ्याखळ्यांवर फिरतात. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने जखमेवर थेट आणि न सोडता दाब द्यावा; फडके भिजले तर ते न काढता वर दुसरे ठेवावे. हात वा पाय तुटला आहे, दाबाने रक्त थांबत नाही, अशाच प्रसंगी जखमेच्या वर चार बोटे रुंद पट्टी काठीचा पीळ देऊन आवळावी आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. माणूस एकटा असल्यास पंचा आणि खुरप्याचा दांडा यांनी हे एका हाताने करता येते, आणि करून पाहिलेले असले तरच ऐन वेळी जमते. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट उघडे बर्फात टाकल्यास ते पुन्हा जोडण्याच्या कामाचे राहत नाही.

विहीर आणि वीज यांच्या बाबतीत एक दारुण गोष्ट पुनःपुन्हा घडते. मदतीला धावणाराच मरतो. पुष्कळ दिवस बंद असलेल्या विहिरीत वा गोबरगॅसच्या टाकीत एक जण उतरतो, तळाशी साचलेल्या वायूत प्राणवायू नसल्याने तो कोसळतो, त्याला काढण्यास भाऊ उतरतो, त्याच्यामागून बाप. आणि एका घरातील तिघांचे पंचनामे एकाच दिवशी होतात. विहिरीत कंदील सोडून तो विझतो की काय हे पाहण्याची जुनी रीत चांगली आहे, परंतु गोबरगॅसच्या टाकीशी ज्योत नेणे म्हणजे स्फोटास आमंत्रण देणे होय. कमरेला दोर बांधून वर दोन माणसे असल्याशिवाय कोणीही उतरू नये, आणि आत कोणी कोसळलाच तर त्याला दोरानेच वर ओढावे. प्रत्येक विहिरीत गाठी मारलेला एक दोर पाण्यापर्यंत कायमचा सोडून ठेवावा. तोंड घट्ट बंद केलेले दोन रिकामे प्लॅस्टिकचे डबे काठावर असावेत, म्हणजे पोहता न येणाऱ्याला आधार टाकता येईल. विजेची तार तुटून ओल्या रानात पडली असेल, तर तिच्यापासून दूर जाताना लांब ढांगा न टाकता पाय जुळवून, घसटत सरकावे. दोन पावलांमधील अंतर वाढले की जमिनीतील प्रवाह शरीरातून वाहू लागतो. डीपीवर चढून फ्यूज घालण्याचे काम शेतकऱ्याचे नव्हे, ते वायरमनचे. त्याला यायला दोन दिवस लागतात, पीक सुकते, आणि शेतकरी नाइलाजाने चढतो, हे मी जाणतो, म्हणूनच याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे मला मान्य नाही. महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. त्यावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. दिवसाची वीज हे रात्रीच्या सर्व अपघातांवरील एकच समर्थ औषध आहे; ती ज्या गावाला अद्याप मिळाली नाही, त्या गावाने ती मागत राहिले पाहिजे.

पावसाळ्यापूर्वीच्या वळिवात कोसळणाऱ्या विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी हे ॲप आधी सूचना देते. झाडाखाली न थांबता पक्क्या छपराखाली जावे, आणि ज्याच्यावर वीज पडली त्याला स्पर्श करण्यात धोका नसतो, म्हणून त्याचा श्वास थांबला असल्यास त्याच्या छातीवर ताबडतोब दाब देण्यास सुरुवात करावी.

फवारणीविषयी यवतमाळने आपल्याला फार मोठी किंमत देऊन शिकविले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात कापसावर औषध मारताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत, दमट हवेत, अनेक औषधे एकत्र मिसळून, जोरकस पंपाने, उघड्या अंगाने केलेली ती फवारणी होती. आणि विष पोटातून न जाता श्वासातून व कातडीतून गेले. फवारणी करणाऱ्याने एकटे राहू नये, याचे कारण असे की या विषबाधेची सुरुवात त्याला स्वतःला उमगत नाही. डोळ्यांपुढे अंधुक होणे, लाळ सुटणे, घाम, मळमळ ही चिन्हे तो उन्हाच्या माथी मारतो आणि पंप रिकामा होईपर्यंत थांबत नाही. बांधावरील दुसरा माणूस ते ओळखतो. बाधा झालेल्यास वाऱ्याच्या उलट बाजूस न्यावे, कपडे उतरवून साबणाने धुवावे, उलटी करवू नये, आणि डब्यावरील कागद, ज्यावर विषाची तीव्रता दाखविणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण असतो, तो दवाखान्यात बरोबर न्यावा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील विष माहिती केंद्र १८००-११६-११७ या क्रमांकावर रात्रंदिवस सल्ला देते.

दवाखान्याच्या दाराशी पोहोचल्यावरही माणसे बिचकतात, ती पोलिसांच्या भयाने. येथे कायदा स्पष्ट आहे. पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता प्रथम प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात दिला आहे. तरीही नोंद मात्र आग्रहाने करून घ्यावी, कारण पुढे तीच कामी येते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यू आल्यास वा दोन अवयव गेल्यास दोन लाख, आणि एक अवयव गेल्यास एक लाख रुपये मिळतात. १० ते ७५ वर्षे वयाचा खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती तिला पात्र असते, आणि सर्पदंश, विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, जंतुनाशकाची विषबाधा यांचा तिच्यात समावेश आहे. सातबारा, वारसाचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल हे कागद जोडून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अर्ज द्यावयाचा असतो. शोकाचे दिवस संपेपर्यंत ही मुदत पुष्कळदा सरत आलेली असते, म्हणून घरातील कोणा तरी जाणत्या माणसाने हे काम तेराव्याची वाट न पाहता अंगावर घ्यावे.

या योजनेत एक मोठी उणीव आहे आणि ती बोलून दाखविली पाहिजे. ज्याच्या नावे सातबारा नाही, जो दुसऱ्याच्या उसाला रोजाने रात्रीचे पाणी देतो, तो भूमिहीन मजूर तिच्यात कोठेच बसत नाही; साप मात्र खातेदार आणि बिनखातेदार असा विचार करीत नाही. विजेवर वा ट्रॅक्टरसारख्या यंत्रावर चालणाऱ्या शेतीतील मजुराला कामगार भरपाईच्या कायद्याचा आधार घेता येतो, परंतु त्यासाठी त्या रात्री तो कोणाच्या रानात, कोणाच्या सांगण्यावरून होता, हे शाबीत करावे लागते, आणि रोजंदारीच्या व्यवहारात कागदाचा कपटाही नसतो. म्हणून मजुराने कामावर जाताना रानाचे आणि मालकाचे नाव घालून ‘अमुक ठिकाणी आहे, पाचला परत येतो’ असा एक निरोप घरच्या फोनवर लिहून वा बोलून पाठवावा, आणि मालकाला ‘पोहोचलो’ म्हणून कळवावे. रात्री शोधायला निघणाऱ्यांना त्या निरोपावरून बांध सापडेल. आणि पुढे भरपाईचा दावा करण्याची वेळ आलीच, तर दिवस, वेळ आणि ठिकाण दाखविणारा तोच त्याचा पुरावा होईल.